पी५३ आणि पिशवी

पी५३ हे नाव एका चुकीच्या मोजणीतून आलं आहे. प्रथिनाचं वजन काढायची एक जुनी पद्धत आहे. जेलच्या थरातून विजेच्या ओढीनं प्रथिनं पळवायची आणि कोण किती अंतर गेलं त्यावरून वजन ठरवायचं. १९७९ साली ब्रिटन, अमेरिका आणि फ्रान्समधल्या वेगवेगळ्या गटांना हे प्रथिन जवळजवळ एकाच वेळी सापडलं. जेलवर त्याचं वजन ५३ किलोडाल्टन दिसलं, म्हणून पी५३. प्रत्यक्षात ते ४४ च्या आसपास भरतं. त्याच्या साखळीत प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल जास्त आहे, त्यामुळे ते जेलमध्ये रेंगाळतं. पुढे खरं वजन कळलं, तरी नाव कोणी बदललं नाही.

दुसरी गफलत याहून मोठी होती. पहिली दहा वर्षं हे जनुक कॅन्सर घडवणारं आहे असंच मानलं जात होतं, कारण प्रयोगशाळांमध्ये ज्या प्रती हाताळल्या जात होत्या त्यातल्या बऱ्याच बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये बर्ट व्होगेलस्टाइन आणि इतरांच्या कामातून उलटंच चित्र समोर आलं. धड असलेलं पी५३ कॅन्सर रोखतं, आणि ते निकामी झालं की गाठी वाढतात. १९९२ मध्ये डेव्हिड लेनने त्याला 'जनुकसंचाचा राखणदार' म्हटलं. १९९३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाने त्याला वर्षाचा रेणू ठरवलं. चोर म्हणून पकडलेला माणूस गावचा जागल्या निघावा, तसा हा प्रकार.

या जागल्याचं काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यावर उभा आहे. निरोगी पेशीत पी५३ सतत तयार होतं आणि सतत मोडलं जातं. मोडण्याचं काम एमडीएम२ नावाचं प्रथिन करतं, आणि हे एमडीएम२ बनवायचा हुकूम स्वतः पी५३च देतं. म्हणजे जागल्या आपल्याच पगारातून आपल्याला आवरणारा माणूस ठेवतो. डीएनएला इजा झाली की हे आवरणं सुटतं आणि पी५३ साठू लागतं. ते आधी पी२१ नावाच्या जनुकाला जागं करून पेशीचं विभाजन थांबवतं. दुरुस्तीला वेळ मिळतो. दुरुस्ती झाली तर काम पुन्हा सुरू. इजा हाताबाहेरची असेल तर दोन वाटा उरतात. एकतर पेशी कायमची विभाजन थांबवून म्हातारी होऊन बसते, नाहीतर ती स्वतःला शिस्तीत संपवते. या शिस्तीतल्या मरणाला अपॉप्टॉसिस म्हणतात. शब्द ग्रीक आहे, त्याचा अर्थ झाडावरून पान गळणं. तो १९७२ साली रूढ झाला. त्याच वर्षी आमच्या परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. दोन्हींचा काही संबंध नाही, पण 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या गावच्या माणसाला असले योगायोग सोडवत नाहीत.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. जीवशास्त्र बारावीपर्यंतसुद्धा नव्हतं. मॅथ्सचा ग्रुप घेतला होता. पी५३ पर्यंत मी पोचले ती आत्यामुळे, पण ते पुढे येईल. वाचायला लागल्यावर पहिल्यांदा खटकली ती भाषा. सोप्या विज्ञानलेखनात जिथे तिथे लिहिलेलं असतं की पेशी शरीरासाठी 'त्याग' करते, 'बलिदान' देते. वाचताना अंगावर शहारा येतो, शाळेतल्या पंधरा ऑगस्टच्या भाषणासारखा. आणि मग हळूच पुढचं वाक्य येतं: निसर्गच आपल्याला शिकवतो की समष्टीसाठी व्यष्टीनं झिजावं.

हे पटण्यासारखं नाही. पेशीच्या मरणात त्याग नसतो, कारण तिथे गमावणारा कोणी नसतो. माझ्या कातडीची पेशी आणि माझ्या आतड्याची पेशी एकाच फलित अंड्यातून आल्या, दोघींकडे तोच जनुकसंच आहे. कातडीची पेशी मेली तरी तिच्याजवळचं जे काही पुढे जायचं ते दुसऱ्या पेशींमधून जातंच. दोन माणसांमध्ये असं नातं नाही. माझ्या शेजारणीचं आयुष्य माझ्यातून पुढे जात नाही. ती मेली की तिचं संपलं. समाजाला देह मानायची उपमा आपल्याकडे फार जुनी आहे, आणि त्या देहात तोंड कुणाला नि पाय कुणाला ठरवलं हेही आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे कोणी पेशीवरून माणसाला धडा देऊ लागलं की मी आधी बघते, पेशी कुणाला बनवलं जातंय.

आता म्हातारपणाकडे. २००२ साली टेक्सासमधल्या लॅरी डोनेहॉवर यांच्या गटाने 'नेचर'मध्ये काही विचित्र उंदीर जगापुढे आणले. त्यांच्यातल्या पी५३च्या एका प्रतीत असा बदल झाला होता की राखण वाजवीपेक्षा जास्त कडक झाली. या उंदरांना कॅन्सर क्वचितच झाला. साध्या उंदरांत निम्म्याच्या जवळपास जणांना गाठी झाल्या. मग हे उंदीर जास्त जगले असतील? नाही. साधे उंदीर साधारण ११८ आठवडे जगले, हे ९६. त्यांची हाडं ठिसूळ झाली, पाठीला बाक आला, स्नायू आटले, जखमा लवकर भरेनात. कॅन्सरपासून वाचलेले हे प्राणी वेळेआधी म्हातारे होऊन मेले.

माझ्या कामात याला एक साधं रूप आहे. सर्व्हरवर धोक्याची घंटा बसवताना एक उंबरठा ठरवावा लागतो. उंबरठा खाली ठेवला तर घंटा उगाच वाजते, रात्री तीनला माणसं उठतात, धडधाकट यंत्रं बंद करून पुन्हा चालू केली जातात. वर ठेवला तर खरा बिघाड झोपेत निसटतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारा उंबरठा मी अजून पाहिलेला नाही. डोनेहॉवरच्या उंदरांमध्ये घंटा खाली बसवली गेली होती, इतकंच. जीवशास्त्रज्ञ जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ मध्येच असं मांडलं होतं की तरुणपणी उपयोगी पडणारी जनुकं उतारवयात घातक ठरू शकतात. पी५३ त्या चौकटीत छान बसतं. थांबवलेल्या म्हाताऱ्या पेशी तरुण शरीरात कॅन्सर अडवतात. पण त्या मरत नाहीत, साचत जातात, आजूबाजूला दाह पसरवणारे स्राव सोडतात, आणि उतारवयात तर शेजारच्या गाठीला त्या खतपाणीही घालू शकतात.

इथेच थांबलं असतं तर निष्कर्ष सरळ होता: सुरक्षा हवी तर म्हातारपण घ्या. बरेच लेख इथेच थांबतात. पण त्याच २००२ साली स्पेनमधल्या मान्युएल सेरानो यांच्या गटाने दुसरे उंदीर केले. त्यांना पी५३ची एक जादा प्रत दिली, मात्र तिच्या आजूबाजूचं सगळं नियमन नैसर्गिक ठेवलं. घंटा तशीच, जागल्ये मात्र जास्त. या उंदरांना कॅन्सर कमी झाला आणि ते अकाली म्हातारेही झाले नाहीत. हत्तीचीही हीच गोष्ट. एवढा मोठा देह, एवढ्या पेशी, साठ-सत्तर वर्षांचं आयुष्य, तरी हत्तीला कॅन्सर फार कमी. २०१५ मध्ये कळलं की त्याच्याकडे पी५३च्या वीसेक प्रती आहेत, माणसाकडे आईकडून एक आणि बापाकडून एक. हत्ती काही चाळिशीत वाकत नाही. म्हणजे अकाली म्हातारपण ही सुरक्षेची अटळ किंमत नव्हे. आधी थांबा, तपासा, दुरुस्त करा, आणि अगदीच नाइलाज झाला तर मारा, हा क्रम पाळला जातो की नाही यावर पुष्कळ काही ठरतं.

हा क्रम डोक्यात असू द्या. आता मराठवाड्यात येते.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर हा पी५३च्या दृष्टीने वेगळा कॅन्सर आहे. माणसाच्या साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये पी५३चं जनुक बिघडलेलं सापडतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ते बहुधा शाबूत असतं. तिथे एचपीव्ही हा विषाणू ई६ नावाचं प्रथिन बनवतो आणि ते पेशीतल्याच एका यंत्रणेला हाताशी धरून पी५३ तयार होईल तसं मोडत राहतं. जागल्याला लाच दिलेली नाही, त्याचे हातपायही तोडलेले नाहीत. तो कामावर आला की रोज त्याला नाहीसा केला जातो. हीला पेशी अशाच एका कॅन्सरच्या. हेन्रिएटा लॅक्स ही बाई १९५१ मध्ये वारली, तिच्या पेशी आजही प्रयोगशाळांमध्ये वाढताहेत. त्या पेशींमध्ये विषाणूची ही जनुकं बंद केली तर पी५३ परत साठतं, आणि इतकी वर्षं न थकता वाढणाऱ्या पेशी काही दिवसांत थांबतात, म्हाताऱ्या होतात. इथे म्हातारपण हाच इलाज.

विषाणू लागण्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा अधिक जातात. म्हणजे तपासायला, थांबवायला भरपूर वेळ असतो. तपासणी कोणती करावी, हा प्रश्न जिथे सोडवला गेला ती जागा परभणीपासून मध्ये एक लातूर ओलांडलं की येते. तेव्हाचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी चालते. देशात खेड्यांची अशी नोंदणी तिथे पहिल्यांदा झाली. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात एक चाचणी सुरू केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटाची एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याची पॅप स्मिअर, तिसऱ्याची गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला नेहमीची सेवा. २००९ मध्ये निकाल आला. नेहमीच्या सेवेच्या गटात या कॅन्सरने ६४ बायका गेल्या, एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या धोरणांमध्ये या आकड्यांचा आधार घेतला गेला.

'नेहमीची सेवा' या शब्दांवर मी बराच वेळ अडकले होते. त्या काळात उस्मानाबादच्या खेड्यात या कॅन्सरसाठी नेहमीची सेवा म्हणजे काही नाही. एरिक सुबा या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने पुढे नेमका हाच आक्षेप घेतला, २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये तो छापूनही आला: तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांच्या अनुभवातून माहीत असताना हजारो बायकांना विनातपासणी ठेवून त्यांचे मृत्यू मोजणं नीतीत बसतं का? संशोधकांची बाजू अशी की देशात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता. त्या बायकांकडून काही काढून घेतलं नाही.

दोन्ही बाजू वाचल्यावर माझं मत सुबांच्या बाजूने झुकत होतं, पण निकालाच्या तक्त्याने मला अडवलं. ज्या पॅप स्मिअरबद्दल 'माहीतच होतं' असं म्हटलं जातं, त्या गटात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. डोळ्यांनी पाहणीच्या गटातही नाही. म्हणजे माहीत असलेली गोष्ट एकदाच करून या गावांत पुरेशी चालली नाही, आणि हे तुलनेशिवाय कळलं नसतं. चौथ्या गटाला धरूनच हे ज्ञान उभं राहिलं, आणि ते खरं ज्ञान आहे. तरी म्हणून त्या ६४ जणींनी 'योगदान दिलं' असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. ते पेशीचं भाषांतर झालं. त्यांच्या नावावर आपलं काहीतरी देणं लागतं, असं म्हटलं तर जमेल. आणि देणं म्हटलं की ते फेडलं का, हे विचारावं लागतं.

२०१९ मध्ये, म्हणजे निकालानंतर बरोबर दहा वर्षांनी, शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या बातम्या देशभर गाजल्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कित्येक जणी पस्तिशी-चाळिशीच्याही आतल्या. बातम्या आणि जबान्यांमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: डॉक्टर म्हणाले, पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल.

माझी आत्या बीडची नाही, आमच्याच जिल्ह्यातली, सोनपेठकडची. पण ऊस तोडायला जाणाऱ्याला जिल्हा नसतो. वीस-बावीस हंगाम ती आणि मामा एक कोयता म्हणून गेले. मुकादमाची उचल घ्यायची, दिवाळी झाली की ट्रॅक्टरवर संसार चढवायचा, कारखान्याच्या गावाला पालं ठोकायची. तिची पिशवी एकतिसाव्या वर्षी काढली, एका तालुक्याच्या गावातल्या खाजगी दवाखान्यात. अंगावरून पांढरं जात होतं, कंबर दुखत होती. यातलं पुष्कळसं साध्या जंतुसंसर्गाने होतं आणि गोळ्यांनी बरं होतं. फडात ना पाणी ना आडोसा, तर संसर्ग होणारच. कसली तपासणी केली होती का, असं मी विचारलं तर ती म्हणाली, "सोनोग्राफी केली की. टीव्हीवर दावलं मला. म्हनले, बघ, पिशवी खराब झालीय, कॅन्सरकडं चाललीय. दोन लेकरं झालीत ना, मग कशाला ठेवतीस?"

एचपीव्ही तपासणी नाही, स्मिअर नाही, तुकडा काढून तपासणं नाही. सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची कॅन्सरपूर्व अवस्था दिसत नाही. तिच्या कागदावर नेमकं काय काय काढलं हेही लिहिलेलं नाही. अंडाशयं ठेवली की नाही, कुणालाच सांगता येत नाही. अंडाशयं काढली तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. ठेवली तरी ती बऱ्याचदा लवकर थकतात. मग हाडं विरळ होतात. आत्या आज सत्तेचाळीस वर्षांची आहे. मागच्या वर्षी ओट्यावरून पाय घसरला तर मनगट मोडलं. ती जिना चढताना मी मागून पाहिलं आणि डोनेहॉवरच्या शोधनिबंधातलं, बाक आलेल्या उंदराचं छायाचित्र आठवलं. आत्याला उंदराशी जोडणं मला आवडलेलं नाही, पण आठवलं हे खरं.

दोन्हीकडे एकच गोष्ट घडली आहे का? दिसायला तशीच आहे. कॅन्सर टळला, म्हातारपण पंधरा-वीस वर्षं अलीकडे आलं. पण उंदराच्या बाबतीत निदान कॅन्सरचा धोका खरा होता आणि तो खरोखर कमी झाला. आत्याच्या बाबतीत धोका होता की नव्हता हेच कुणी पाहिलं नाही. शिवाय घंटा वाजवणाऱ्याला घंटेचे पैसे मिळत होते, हे जीवशास्त्रात कुठेच सापडत नाही. पी५३ला ऑपरेशनमागे काही सुटत नाही.

आणि तरीही सगळं डॉक्टरवर ढकलून भागत नाही, कारण आत्याला स्वतःलाही पिशवी नको होती. हे ती सरळ सांगते. पाळीत खाडा पडला की दंड. पोट दुखतं म्हणून मुकादमाला काय सांगणार? "दर म्हैन्याचं लचांड गेलं, बरं झालं," हेही तिचंच वाक्य. तिनं संमती दिली, अंगठा नव्हे, सही केली. सातवी शिकलेली आहे. नीतिशास्त्रात संमतीला फार वजन देतात, पेशी आणि माणूस यांतला फरकच तिथे सांगतात: माणसाला विचारता येतं. पण जिच्यापुढे एका बाजूला कॅन्सर आणि दुसऱ्या बाजूला खाडा ठेवला आहे, तिला विचारणं म्हणजे नेमकं काय विचारणं? उस्मानाबादच्या चौथ्या गटापुढेही हाच प्रश्न येतो. जिथे नेहमीची सेवाच नाही, तिथे नेहमीच्या सेवेला हो म्हणणं कसलं हो आहे? मला वाटतं, दोन्ही ठिकाणी संमती खरी होती, आणि दोन्ही ठिकाणी ती पुरेशी नव्हती.

धाराशिवच्या बायकांकडून मिळालेली माहिती शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या बायकांपर्यंत दहा वर्षांत पोचली असती, तर आत्यासारख्या कितीतरी जणींच्या बाबतीत आधी तपासणी झाली असती. बहुतेकींना सांगितलं गेलं असतं की काही नाही, घरी जा. थोड्या जणींच्या गर्भाशयमुखावरचा खराब भाग गोठवून किंवा जाळून टाकला असता, पिशवी जागेवर राहिली असती. थांबा, तपासा, दुरुस्त करा. २०१६ मध्ये केंद्राने तिशीपुढच्या बायकांच्या तपासणीची चौकट आखली खरी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीही झालेल्या निघाल्या दोन टक्क्यांहून कमी.

आत्याची सून यंदा एकतीस वर्षांची झाली. तिलाही पांढरं जातं. दोन लेकरं आहेत. श्रावणात मी गावी गेले तेव्हा आत्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "तू एवढं वाचतीस, हिची काढावी का नको?" मी नको म्हटलं, तपासणीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कुठं करत्यात ते सांग. दिवाळी झाली की गाडी लागंल." जवळच्या सरकारी दवाखान्यात मी फोन केला. तपासणीचं शिबिर होतं, पुढचं कधी ते अजून ठरलेलं नव्हतं. परभणीला जिल्हा रुग्णालयात घेऊन जायचं आहे. सुनेच्या जाऊला आणि शेजारच्या दोघींनाही यायचं आहे, म्हणजे गाडी करावी लागेल. उचल घेतली आहे, त्यामुळे दसऱ्याच्या आत.